पावलांचा हिशेब

लेझमीचा एखादा साधा प्रकार घ्या, शाळेत सगळ्यांना येणारा. आता तो पोस्टकार्डावर असा लिहा, की लेझीम कधीच न पाहिलेल्या एखाद्या शिक्षकाने ते कार्ड वाचून आपल्या मुलांकडून तो नेमका करून घ्यावा. चित्र काढायचे नाही, फक्त शब्द. नववीच्या वर्गाला हे काम दिले तर पाच मिनिटांत प्रश्न सुरू होतात. डावा म्हणजे कुणाचा डावा, करणाऱ्याचा की बघणाऱ्याचा? पाय पुढे टाकायचा, पण किती? वाकायचे ते कमरेतून की गुडघ्यातून? हात वर जातो त्याच वेळी पाय उचलायचा, की हात खाली आल्यावर?

मुलांच्या या प्रश्नांत सगळा विषयच येऊन जातो. दिशा कुठून धरायची, अंतर कशाने मोजायचे, शरीराचे भाग कुठे तोडायचे आणि हे सारे काळाशी कसे बांधायचे? नृत्य आणि अभिनयातल्या हालचालीचा ज्यांनी ज्यांनी शास्त्र म्हणून विचार केला, त्या सर्वांना या चार गोष्टींची उत्तरे द्यावी लागली. त्यांपैकी तिघे अगदी आपल्या आसपासचे आहेत, आणि ही गोष्ट शाळेत फारशी सांगितली जात नाही.

नकाशावर लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ शोधा. तिथून सरळ रेषेत दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात असले, तरी बाराव्या शतकात तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी होती. वायव्येला अडीचशे किलोमीटरच्या आसपास यादवांची देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद. पूर्वेला तीनशेच्या आत काकतीयांचे वरंगळ. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला (इ. स. ११३० च्या सुमारास), देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' (तेराव्या शतकाचा पूर्वार्ध) आणि वरंगळच्या जाय सेनापतीने 'नृत्तरत्नावली' (१२५३-५४). सव्वाशे वर्षांच्या आत, एकमेकांशी भांडणाऱ्या तीन राज्यांत, नाचणाऱ्या शरीराचे बारकाईने वर्णन करणारे तीन ग्रंथ तयार झाले. मधला सगळा प्रदेश आपला.

हे तिघेही पेशाने नर्तक नव्हते. सोमेश्वर राजा, जाय हत्तीदळाचा सेनापती. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या चाकरीत शिरला, आणि शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या काळात 'श्रीकरण' या खात्यात, म्हणजे राज्याच्या दफ्तर-हिशेबाच्या कचेरीत, मोठ्या हुद्द्यावर होता. शिवाय तो वैद्यकीही करी. त्यामुळे संगीतावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची महिन्या-महिन्याने होणारी वाढ, हाडे, सांधे, स्नायू यांची मोजदाद येते, आणि सातव्या, शेवटच्या अध्यायात नर्तन येते. एक गंमत लक्षात घ्या: 'करण' हा शब्द कचेरीतही आहे आणि नाचातही. कचेरीत त्याचा अर्थ लेखी दस्तऐवज, नाचात हातापायांच्या जुळणीचा एक घटक. दोन्हींकडचा हिशेब एकाच माणसाने ठेवला.

अर्थात या तिघांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली नव्हती. त्यांच्यापुढे भरताचे 'नाट्यशास्त्र' होते, निदान हजार वर्षे जुने. भरताची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून तिथे थोडे रेंगाळू.

भरत आधी शरीराचे भाग पाडतो. डोके, हात, छाती, बगला, कंबर, पाय ही सहा अंगे. डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल, हनुवटी ही सहा उपांगे. मग प्रत्येकाच्या हालचाली मोजतो: डोक्याच्या तेरा, भुवयांच्या सात, मानेच्या नऊ, छातीच्या पाच. यांना आपण अक्षरे म्हणू. एका पायाची चाल ती 'चारी'. अशा चाऱ्या बत्तीस: सोळा जमिनीलगतच्या, सोळा पाय हवेत नेणाऱ्या. हात आणि पाय यांच्या जुळणीतून 'करण' तयार होते, त्यांची संख्या १०८. सहा ते नऊ करणांची माळ म्हणजे 'अंगहार', आणि असे अंगहार बत्तीस. अक्षर, शब्द, वाक्य अशी ही चढण आहे.

अंतराचे एकक शरीरातूनच घेतले आहे. चोवीस अंगुळांचा एक हात, बारा अंगुळांचा एक 'ताल', म्हणजे आपली वीतच. समपाद उभे राहणे म्हणजे पावलांत एक ताल अंतर. 'वैष्णव' स्थानात अडीच ताल, 'वैशाख'मध्ये साडेतीन, 'मंडल' स्थानात चार. हात पंचेचाळीस सेंटिमीटरचा धरला तर ताल साडेबावीस सेंटिमीटरचा होतो. पण सेंटिमीटर इथे गैरसोयीचा आहे, कारण ताल ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने मोजायचा. पाच फुटी मुलगी आणि सहा फुटी मुलगा मंडल स्थानात उभे राहिले तर दोघांच्या पावलांतली अंतरे वेगळी येतील, आकृती मात्र एकच दिसेल. भूमितीच्या शिक्षकांना इथे समरूप त्रिकोणांची आठवण झाली तर नवल नाही.

रंगमंचावर पात्राने कसे चालावे, हे सांगतानाही भरत आकडे देतो. देव, राजे अशा उत्तम पात्रांचे पाऊल चार ताल लांब आणि त्याला वेळ चार कला. मध्यम पात्रांचे दोन ताल, दोन कला. 'नीच' पात्रांचे एक ताल, एक कला. पावलाच्या मापात स्त्रियांनाही याच शेवटच्या ओळीत बसवले आहे. ही उतरंड आपल्याला आज खटकते आणि खटकावी. पण आकड्यांकडे पुन्हा बघा. अंतराला वेळेने भागले तर तिन्ही ठिकाणी उत्तर एकच येते: एका कलेत एक ताल. एकाच ठेक्यावर चालले तर राजा, मंत्री आणि सेवक रंगमंच एकाच वेगाने ओलांडतात, कुणी मागे पडत नाही. राजाचे एक पाऊल पडते तेवढ्यात सेवकाची चार पडतात. रुबाब वेगात नसून पावलाच्या लांबीत आणि त्याच्या संथपणात आहे. (भरत पुढे तिघांना वेगवेगळी लयही सांगतो, ती लावली की गणित बदलते.) वर्गात खडूने वितींच्या खुणा करून, टाळ्यांच्या ठेक्यावर तीन मुलांना चालवून पाहा. सरासरी वेग आणि पावलांची वारंवारता हा धडा यापेक्षा सोपा करून सांगता येईल, असे आम्हांला वाटत नाही.

शरीराभोवतीच्या जागेचाही विचार त्यात आहे. मंचाचे विभाग पाडून एक घर, एक बाग, एक नदी असे मानायचे. जे पात्र आधी आले ते घरात, मागून आले ते बाहेर. मंचावर एक फेरी मारली की ठिकाण बदलले. फेरी लांब तर प्रवास लांबचा. तमाशाच्या वगात एक गिरकी घेऊन पात्र दुसऱ्या गावी पोचते आणि प्रेक्षकांत कुणालाही त्याचे काही वाटत नाही, त्या रूढीचे हे जुने नातेवाईक.

नाट्यगृहाच्या मापात तर डोळ्यांचे शास्त्र लपलेले आहे. माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद गृह योग्य. त्याहून मोठे बांधले तर बोलणे अस्पष्ट होते आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असे भरत बजावतो. निम्मी लांबी प्रेक्षकांची. म्हणजे शेवटच्या रांगेपासून मंचाची कड बत्तीस हात, सुमारे साडेचौदा मीटर. निकोप डोळ्याला साधारणपणे एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन ओळखता येतो. (ही कोनाची कला; वरची काळाची होती.) साडेचौदा मीटरवर एवढ्या कोनात चार मिलिमीटर बसतात. भुवई जोरात उचलली तरी सेंटिमीटरभरच वर जाते. भरताने सांगितलेले मोठे गृह एकशेआठ हातांचे. तिथे शेवटच्या रांगेतून सात मिलिमीटरच्या आतले काही वेगळे दिसणार नाही. भुवयांच्या सात हालचालींपैकी निम्म्या तरी वाया जातील. भरताने कोन मोजले नव्हते. मागच्या रांगेतल्या लोकांच्या तक्रारी मात्र त्याने किंवा त्याच्या आधीच्यांनी ऐकल्या असणार.

आता परत कल्याणीला येऊ. जाय सेनापती एक हकीकत देतो. पूर्वी कल्याणीत भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषातली एक स्त्री गात नाचत होती. राजा सोमेश्वराला ते इतके आवडले की त्याने त्यावरून एक नृत्यप्रकार बसवला. महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडली म्हणतात, म्हणून त्याचे नाव गोंडली. ही हकीकत घडल्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा तपशिलाला किती धरायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. 'गोंडली' आणि आपला 'गोंधळ' यांतले साम्य कुणाच्याही कानाला जाणवते. पण नुसत्या नावावरून कूळ ठरवू नये. यातली नक्की गोष्ट वेगळीच आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. उत्सवातल्या त्या नाचाला भरताच्या १०८ करणांत जागा नव्हती.

अशा वेळी शास्त्रकार दोन गोष्टी करू शकतो. यादीत नाही म्हणून ते नृत्यच नाही, असे म्हणू शकतो. किंवा यादी वाढवतो. दख्खनच्या या तिघांनी यादी वाढवली. शार्ङ्गदेवाने 'मार्ग' आणि 'देशी' असे दोन भाग धरले. वेगवेगळ्या प्रदेशांत लोकांच्या मनाला जे रुचते ते देशी, अशी त्याची व्याख्या आहे. मग हिशेबनीस कामाला लागतो. बत्तीस चाऱ्यांत चौपन्न देशी चाऱ्यांची भर पडते, एकूण शहाऐंशी. उभे राहण्या-बसण्याच्या पद्धती एक्कावन्न होतात, त्यांत तेवीस देशी. आणि छत्तीस 'उत्प्लुति-करणे', म्हणजे उड्या आणि कोलांट्या, स्वतंत्र नोंदवली जातात. त्यांची नावे वाचताना संस्कृत ग्रंथ हातात आहे हे विसरायला होते: लोहडी, मत्स्यकरण, एणप्लुत (हरणाची झेप), दंडप्रणामांचित. दोरीवर चालणाऱ्या आणि सुरी घेऊन नाचणाऱ्या कलावंताचे लक्षणही तो देतो. त्याचे नाव कोल्हाटिक. मराठवाड्यात त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

जाय सेनापतीने तर आठ अध्यायांपैकी चार मार्गाला आणि चार देशीला दिले, अगदी समसमान.

हे शक्य कशामुळे झाले? आमचे उत्तर असे: भरताने दिलेली १०८ करणांची यादी म्हणजे शब्दसंग्रह, आणि तो कधी ना कधी अपुरा पडणारच होता. पण पायाची ठेवण, बगलेचा कल, हाताचा आकार, तालाचे माप ही त्याखालची अक्षरे पक्की होती. भिल्लिणीचा नाच असो की कोल्हाट्याची उडी, ती याच अक्षरांत लिहिता आली. पृथक्करणाचा फायदा हाच असतो. मूलद्रव्ये हाती असली की न पाहिलेल्या संयुगाचेही सूत्र मांडता येते.

तरीही हे लेखन वाचून आज नाचता येते का? इथे अडचण सुरू होते. पहिलेच करण घ्या, 'तलपुष्पपुट'. भरत त्याच्याबद्दल तीनच गोष्टी सांगतो: ओंजळीसारखा पुष्पपुट हस्त डाव्या बाजूला, पाय टाच उचलून बोटांवर, आणि बगल झुकलेली. सुरुवात कुठून, वजन कोणत्या पायावर, मधला मार्ग कोणता, वेळ किती, यातले काही नाही. ते गुरूकडून कळेल असे गृहीत होते. गुरूंची साखळी तुटली आणि पोस्टकार्ड अपुरे ठरले. 'नाट्यशास्त्र' १८९४ साली मुंबईत निर्णयसागरच्या काव्यमालेत आणि 'संगीतरत्नाकर' १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमात छापला गेला, तेव्हा हे ग्रंथ सर्वांच्या हाती आले; पण त्यांतल्या हालचाली करून दाखवणारे फारसे कुणी उरले नव्हते.

मग दगडांकडे जावे लागले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अकराव्या शतकात करणांची शिल्पे कोरायला घेतली होती. एक्क्याऐंशी झाली, उरलेल्या सत्तावीस शिळा कोऱ्याच राहिल्या. चिदंबरमच्या गोपुरात शिल्पांबरोबर भरताचे श्लोकही कोरले आहेत, त्यामुळे कोणते शिल्प कोणत्या करणाचे ते कळते. बराच काळ अभ्यासक या मूर्तींना 'पवित्रे' समजत. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी १९७० च्या दशकात आग्रहाने मांडले की करण हा पवित्रा नसून हालचाल आहे. शिल्पकाराने तिचा एखादाच क्षण पकडला आहे, कुठे सुरुवातीचा, कुठे मधला, कुठे शेवटचा. श्लोक, टीका आणि शिल्पे शेजारी ठेवून त्यांनी १०८ करणे नाचण्यासारखी पुन्हा उभी केली. ती आपल्याकडेही पाहता येतात: साताऱ्याच्या उत्तर चिदंबरम नटराज मंदिरातली करणशिल्पे त्यांच्याच आराखड्यावरून घडली आहेत. त्यांची पुनर्रचना सर्वांना मान्य आहे असे नाही. पण 'दगड म्हणजे एक क्षण' हा मुद्दा आता टाळता येत नाही.

ज्या क्षणांच्या मधले हरवते, ते पकडायला युरोपात कॅमेरा आला. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाला संपूर्ण काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि चालताना एकाच काचेवर ठरावीक अंतराने अनेक छायाचित्रे घेतली. माणूस नाहीसा झाला आणि हाडांच्या रेषांचा पंखा तेवढा उमटला. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून अंधारात माणसे चालवली. ठिपके स्थिर असताना बघणाऱ्याला काहीच कळत नाही, हलू लागताच क्षणात 'माणूस चालतोय' हे ओळखू येते. चित्रपटांत आज नटाच्या अंगावर खुणा लावून हालचाल टिपतात, ती याच घराण्यातली.

पण टिपणे म्हणजे लिहिणे नव्हे. ते काम रुडॉल्फ लाबान (१८७९-१९५८) या नृत्यशिक्षकाने केले. जागेवरून न हलता हातपाय जिथवर पोचतात, त्या अदृश्य गोलाला त्याने शरीराची स्वतःची जागा मानले. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लिपीत चिन्हाचा आकार दिशा सांगतो, छटा उंची सांगते, लांबी वेळ सांगते आणि कोणत्या उभ्या रकान्यात चिन्ह आहे त्यावरून अवयव कळतो. लेझमीच्या कार्डावरचे चारही प्रश्न एका चिन्हात सुटले. पुढे इंग्लंडमध्ये त्याने कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालीही पाहिल्या आणि वजन, वेळ, जागा, ओघ अशी चार परिमाणे मांडली. ठोसा मारणे आणि खांद्यावर थोपटणे यांत हाताचा मार्ग एकच असू शकतो, फरक जोरात असतो. ही गोष्ट शार्ङ्गदेवाच्या अक्षरांत नीट येत नाही. उलट लाबानच्या लिपीत भुवईच्या सात हालचालींना आणि छत्तीस दृष्टींना मुळात घर नव्हते. त्याचे नर्तक चेहऱ्याने कथा सांगत नसत. प्रत्येक लिपीत तिच्या गावच्या नाचाचा साचा उतरतोच.

म्हणून मुंबईत कनक रेळे (१९३७-२०२३) यांनी मोहिनीआट्टमच्या अंगचालनाचा अभ्यास केला तेव्हा या नृत्यासाठी स्वतंत्र लेखनपद्धत तयार केली. त्याही शिक्षणाने वकील होत्या. हिशेबनीस, सेनापती, वकील: या विषयाला बाहेरून आलेली माणसे बरीच मानवलेली दिसतात.

जाय सेनापतीच्या ग्रंथाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. त्यात आणि शार्ङ्गदेवाकडेही 'पेरणी' नावाचा, घुंगरांच्या कामाचा देशी नाच आहे. तो लुप्त झाला होता. नटराज रामकृष्ण (१९२३-२०११) यांनी 'नृत्तरत्नावली' आणि वरंगळजवळच्या रामप्पा मंदिरातली शिल्पे यांच्या आधारे तो पुन्हा उभा केला, आणि तेलंगणात आज तो मंचावर होतो. सेनापतीने तो लिहून ठेवला नसता तर नुसत्या शिल्पांवरून हे झाले नसते. आपल्याकडे गोंधळी, पोतराज, वाघ्या-मुरळी यांची गाणी जमा करणारे अनेक झाले. त्यांची पावले याच बारकाईने लिहून ठेवणारे फार थोडे. आज खिशात कॅमेरा आहे, तेव्हा चित्रण होईल. पण त्यात कोणता पाय वजन घेतो आणि कमरेचा झोल नेमका कोणत्या मात्रेवर येतो, हे कुणीतरी बघून शब्दांत मांडावेच लागेल.

शिरूर अनंतपाळहून निलंगा जवळ आहे. तिथल्या चालुक्यकालीन नीलकंठेश्वर मंदिराच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. मुलांना घेऊन जाता आले तर एक दोरा आणि वही बरोबर ठेवा. मूर्तिशास्त्रातही ताल हेच माप आहे: केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चेहरा एक ताल. मूर्तीला हात न लावता, समोरून काढलेल्या छायाचित्रावर तिच्याच चेहऱ्याइतका दोरा कापा आणि दोन पावलांतले अंतर मोजा. एक ताल येते, अडीच, की चार? वजन कोणत्या पायावर आहे? कोणती बगल झुकली आहे? मग मुलांना तसेच उभे राहायला सांगा आणि विचारा, या क्षणाच्या आधी ती कुठे होती आणि पुढचे पाऊल कुठे टाकणार? चाळीस मुलांच्या वर्गात निदान तीन वेगवेगळी उत्तरे येतील. तिन्ही करून बघायला लावा. त्यांतले एखादे तोल जाऊन लगेच बाद होईल, उरलेल्या दोनांवर वाद घालू द्या.